प्रेअरीवरची चांदणी रात्र कशी रंगवावी: नवशिक्यांसाठी पायरीपायरीने

बर्फाने झाकलेला सपाट माळ, वर पुनवेचा चंद्र आणि त्या उजेडात घराकडे निघालेली दोन-तीन माणसं. उत्तर अमेरिकेच्या प्रेअरीवरचं हे दृश्य रंगवायला सोपं दिसतं, कारण त्यात डोंगर नाहीत, गर्दी नाही, गुंतागुंतीची घरं नाहीत. पण रिकाम्या माळावर चूक झाकायला झुडूपही मिळत नाही. नवशिक्यांची अशी चित्रं बहुतेक वेळा एकाच जागी फसतात: बर्फ पांढराशुभ्र होतो, आकाश निळंभोर होतं आणि रात्रीऐवजी थंडीतली दुपार तयार होते. चित्र काळोखात ठेवूनही त्यातला बर्फ उजळ कसा दिसेल आणि त्यातली माणसं खरोखर गारठलेली कशी वाटतील, या दोन गोष्टींवर माझा सगळा भर आहे. बाकीचं सरावाने येतं.

पहिली पायरी: एक चित्र नीट बघा

ब्रश हातात घेण्याआधी फ्रेडरिक रेमिंग्टनचं ‘द लकलेस हंटर’ बघा. चित्र १९०९ चं आहे आणि टेक्सासमधल्या फोर्ट वर्थ इथल्या सिड रिचर्डसन म्युझियममध्ये आहे. इंटरनेटवर ते सहज बघायला मिळतं.

रेमिंग्टन (१८६१–१९०९) हा अमेरिकन चित्रकार साप्ताहिकांसाठी आणि मासिकांसाठी चित्रं काढून प्रसिद्ध झाला. १८९९ मध्ये न्यूयॉर्कला त्याने चार्ल्स रोलो पीटर्सच्या रात्रीच्या चित्रांचं प्रदर्शन पाहिलं आणि आयुष्याची उरलेली दहा वर्षं तो रात्रीच्या उजेडाच्या मागे लागला. अशी सत्तरच्या आसपास चित्रं त्याने केली. २००३ मध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टने केवळ या रात्रचित्रांचं प्रदर्शन भरवलं होतं.

‘लकलेस हंटर’मध्ये एक मूलनिवासी अमेरिकन शिकारी घोड्यावर बसून बर्फातून परत येतोय. अंगाभोवती पांघरूण घट्ट ओढलंय, पाठ वाकलेली आहे, घोडाही थकलाय. शिकार मिळालेली नाही. आता फोनवर या चित्राचा स्क्रीनशॉट घ्या आणि तो ब्लॅक अँड व्हाइट करा. ज्याला आपण मघाशी ‘पांढरा बर्फ’ म्हणत होतो तो मधल्या करड्यात आहे. शुद्ध पांढऱ्याच्या तो जवळपासही नाही. पुन्हा रंगीत चित्राकडे या. चांदणं म्हणजे निळं अशी आपली समजूत असते, इथे मात्र हिरवट छटेचं राज्य आहे. या दोन गोष्टी डोळ्यांत मुरल्या की निम्मं काम झालं.

दुसरं चित्र बघायचं तर ‘द स्काउट: फ्रेंड्स ऑर फोज?’ हे बघा. १९०२ ते १९०५ या काळातलं हे चित्र मॅसॅच्युसेट्समधल्या विल्यम्सटाउनच्या क्लार्क आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे. बर्फाळ रात्री एक घोडेस्वार क्षितिजाकडे रोखून बघतोय, तिकडे दूरवर कुठल्यातरी तळाची पुसटशी खूण आहे. तळ मित्रांचा की शत्रूंचा, हे त्याला अजून कळलेलं नाही. चित्राचा मोठा भाग नुसता रिकामा बर्फ आहे आणि ताण सगळा त्या रिकामपणात आहे.

इथे जरा थांबतो, कारण हा मुद्दा तंत्राइतकाच महत्त्वाचा आहे. १८८० च्या दशकात प्रेअरीवरचे बायसनचे (गव्यासारख्या रानटी जनावरांचे) कळप जवळजवळ संपवले गेले आणि १८८३–८४ च्या हिवाळ्यात अमेरिकेच्या मोंटाना राज्यातल्या ब्लॅकफीट या मूलनिवासी लोकांपैकी शेकडो माणसं उपासमारीने दगावली. रिकाम्या हाताने परतणारा शिकारी बघताना हे ठाऊक असलं पाहिजे. रेमिंग्टन ही चित्रं न्यूयॉर्कजवळच्या न्यू रोशेलमधल्या स्टुडिओत, आठवणींवर आणि गोळा केलेल्या वस्तूंवरून करायचा. त्याच्या लेखी हे जग संपत चाललेलं होतं. ती माणसं मात्र संपलेली नाहीत. सिक्सिका, कायनाई आणि पिकानी हे ब्लॅकफूट समाज आजही कॅनडातल्या अल्बर्टात आहेत, ब्लॅकफीट मोंटानात आहेत. त्यांना रंगवायचं असेल तर कोणत्या समाजाची, कोणत्या काळातली माणसं आहेत हे आधी ठरवा आणि त्यांचे कपडे शोधून काढा. डोक्यावर पिसांचा मुकुट घालून कोणी बर्फात शिकारीला जात नसे. एवढा अभ्यास आत्ता होणार नसेल तर पहिल्या चित्रासाठी साधं शेतकरी कुटुंब घ्या. पुढच्या पायऱ्यांत मी तेच धरलंय: दोन मोठी माणसं, एक मूल आणि दोरीने ओढायची छोटी स्लेज (बर्फावरची घसरगाडी). घोडा पहिल्या चित्रात नको. त्याच्या पायांतच तुमचे चार दिवस जातील.

दुसरी पायरी: चांदण्यात जाऊन बसा

पुनवेच्या चांदण्याचा उजेड सूर्यप्रकाशाच्या सुमारे चार लाखाव्या भागाइतका असतो. इतक्या कमी उजेडात डोळ्यांतल्या रंग ओळखणाऱ्या पेशी जवळजवळ गप्प होतात आणि ज्यांना रंग कळत नाही त्या पेशींवर भार येतो. या पेशी निळ्या-हिरव्या उजेडाला जास्त दाद देतात, तांबड्याला जवळपास नाहीच. म्हणून चांदण्यात लाल शाल काळी दिसते आणि हिरवट-निळं ते उजळ भासतं. याला पुर्किंये परिणाम म्हणतात. चंद्राचा प्रकाश मुळात निळा नसतो. तो परावर्तित सूर्यप्रकाशच आहे, किंचित तांबूसच म्हणावा असा. निळा-हिरवेपणा आपल्या डोळ्यांतून येतो.

हे वाचून समजतं, पण हातात उतरत नाही. त्यासाठी बाहेर जा. कॅनडात कॅल्गरी, विनिपेग, सास्काटून भागात राहत असाल तर गावाबाहेर गाडी लावा, दिवे बंद करा आणि डोळे सरावायला वीस ते तीस मिनिटं द्या. तेवढा वेळ फोनकडे बघू नका. स्क्रीनचा एक लखलखाट सगळा सराव पुसून टाकतो. थंडी उणे पंचवीसच्या खाली असेल तर गाडीत बसूनच बघा, हातापायांची बोटं गोठवून चित्र सुधारत नाही.

महाराष्ट्रात बर्फ नाही, तरी सराव होतो. पौषाच्या पुनवेला गच्चीवर पांढरी चादर पसरा, तिला दोन-चार उंचवटे येतील अशी आत उशी-पाटा सरकवा, शेजारी काळी घोंगडी टाका आणि तिथे कोणालातरी उभं करा. चादर आकाशापेक्षा उजळ आहे का? सावलीतली चादर आणि घोंगडी यांत किती फरक आहे? माणसाच्या चेहऱ्यावर नाक-डोळे दिसतात का? पेण किंवा वसईकडे मिठागरांच्या जवळ राहत असाल तर फारच छान. चांदण्यातले मिठाचे ढीग बघून बर्फाचं बरंच काही कळतं.

काय दिसलं ते तिथे रंगवू नका. घरी येऊन लगेच, आठवणीवर, पोस्टकार्डाएवढ्या कागदावर चारकोलने उतरवा. फोटोवर विसंबू नका. कॅमेरा जास्त वेळ उघडा ठेवला की रात्रीचा दिवस करतो, आणि तो फोटो उतरवलात तर दिवसच निळ्या रंगात रंगवला जाईल.

तिसरी पायरी: सामान

३० × ४० सेंटिमीटरचा कॅनव्हास बोर्ड किंवा जेसो (रंगाखालचा पांढरा लेप) लावलेला एमडीएफचा (लाकडाच्या भुश्याच्या दाबीव फळीचा) तुकडा. अ‍ॅक्रिलिक रंगांच्या सहाच ट्यूब: अल्ट्रामरीन ब्लू, व्हिरिडियन (थंड हिरवा), बर्न्ट अंबर, बर्न्ट सिएना, यलो ऑकर, टायटेनियम व्हाइट. काळ्याची ट्यूब घेऊ नका. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर मिसळून जो गडद रंग होतो तो काळ्याहून खोल असतो आणि त्याला गरम-थंड कसंही वळवता येतं. एक दोन इंची चपटा ब्रश, एक अर्धा इंची, एक बारीक गोल आणि पाण्याची फवारणीची बाटली.

अ‍ॅक्रिलिक सुकल्यावर थोडं गडद होतं, हे पक्कं लक्षात ठेवा. पॅलेटवर बरोबर वाटणारी छटा बोर्डावर अर्ध्या तासाने एक पायरी खाली उतरलेली असते. आणि ते सुकतंही भराभर: पुण्याच्या उन्हाळ्यात, तसंच हीटर चालू असलेल्या कॅनडातल्या घरातल्या कोरड्या हवेत. म्हणून फवारणी हाताशी.

चौथी पायरी: क्षितिज, चंद्र आणि वेळ

आधी काडेपेटीएवढी चार-पाच रेखाटनं करा. त्यात फक्त तीन छटा: गडद, मधली, उजळ.

सपाट माळावर एक नियम कधीच मोडत नाही. तुम्ही उभे राहून बघत असाल तर क्षितिजाची रेषा तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर असते, आणि तुमच्याएवढ्या उंचीची सगळी माणसं, जवळची असोत की दूरची, त्यांचे डोळे त्याच रेषेवर येतात. दूरच्या माणसाचे पाय वर सरकतात, डोकं तिथेच राहतं. मूल असेल तर त्याचं डोकं रेषेखाली. हे चुकलं की माणसं हवेत तरंगतात किंवा जमिनीत रुततात.

पण यातून एक अडचण येते. माणसांची डोकी क्षितिजाशी, म्हणजे गडद आकाशावर येतात आणि हरवतात. यावर दोन उपाय आहेत. क्षितिजालगत आकाश थोडं फिकं ठेवा, म्हणजे डोकी उठून दिसतील. नाहीतर स्वतः उंचवट्यावर उभे आहात असं समजून क्षितिज वर न्या, म्हणजे सगळी माणसं बर्फावरच येतील. नवशिक्यांना मी दुसरा उपाय सुचवतो. क्षितिज बोर्डाच्या वरून एक तृतीयांशावर घ्या.

आता चंद्र. हिवाळ्यात सूर्य जितका खाली, तितका पुनवेचा चंद्र वर. विनिपेग ५० अक्षांशावर आहे. तिथे डिसेंबरातला मध्यान्हीचा सूर्य जेमतेम साडेसोळा अंश चढतो, आणि मध्यरात्रीचा पूर्णचंद्र ६० अंशांच्या आसपास असतो. म्हणजे मध्यरात्रीचं चित्र असेल तर चंद्र चौकटीत येणारच नाही आणि माणसाची सावली त्याच्या उंचीच्या साधारण निम्मी पडेल. लांब सावल्या हव्या असतील तर वेळ संध्याकाळची घ्या. तिथे डिसेंबरअखेर साडेचारला सूर्य मावळतो, त्याच सुमारास ईशान्येला पूर्णचंद्र उगवतो, आणि सहाच्या आसपास तो दहा अंश वर असताना सावली उंचीच्या साडेपाच पट लांब असते. चित्राची वेळ ठरवून ती रेखाटनाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. सगळ्या सावल्या त्याच हिशेबाने पडल्या पाहिजेत.

चंद्र दाखवायचाच असेल तर लहान ठेवा. हात लांब केला की करंगळीच्या नखाच्या निम्म्याने तो झाकतो. पहिल्या चित्रात तो चौकटीबाहेरच, डावीकडे ठेवा. उजेड कुठून येतोय हे सावल्या सांगतील.

पाचवी पायरी: रंगवण्याआधी पाच छटा कालवून ठेवा

या लेखातली एकच पायरी कराल तर ही करा. काळ्याला १ आणि पांढऱ्याला १० असे दहा क्रमांक धरा. आपल्या चित्राचं वाटप असं: माणसं आणि जवळची झुडपं १ ते २, दूरच्या ओढ्याकाठच्या झाडांची पट्टी ३, आकाश ३ ते ४, सावलीतला बर्फ ४, चांदण्यातला बर्फ ५ ते ६. फक्त एखादी खिडकी किंवा कंदील ८. ९ आणि १० कुठेही नाहीत.

अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर यांचा भरपूर गडद गोळा करा. त्यात थोडं व्हिरिडियन घाला, हिरवं फार कच्चं वाटलं तर चिमूटभर बर्न्ट सिएना. मग त्यात पांढरा वाढवत पाच ढीग करा, प्रत्येक चमचाभर. प्रत्येकाचा ठिपका एका कागदाच्या पट्टीवर लावा, पूर्ण सुकू द्या आणि मग क्रमांक तपासा. बर्फाची ५–६ ची छटा पॅलेटवर भलतीच मळकी दिसेल. घाबरू नका आणि पांढरा ओतू नका. शेजारी आकाश आणि माणसं आली की तीच छटा उजळते. ज्याला हा धीर आला त्याला चांदणं आलं.

सहावी पायरी: आकाश आणि बर्फ

पूर्ण बोर्डावर हिरवट-करड्या रंगाचा पातळ हात मारून सुकू द्या. पांढरा बोर्ड तसाच राहिला तर प्रत्येक छटा तुम्हाला गडद वाटत राहील आणि हात आपोआप पांढऱ्याकडे जाईल.

आकाश वरून खाली आणा, वर ३, क्षितिजाशी ४ च्या थोडं पुढे. मोठा ब्रश, आडवे फटकारे, मधूनमधून फवारणी. भरपूर चांदण्यात तारे थोडेच दिसतात. टूथब्रशने ताऱ्यांचा सडा शिंपडण्याचा मोह टाळा, सहा-आठ ठिपके पुरे, तेही चंद्रापासून लांब. हवेत बर्फाचे स्फटिक असतील तर चंद्राभोवती २२ अंशांवर खळं पडतं, पण ते पहिल्या चित्रात घेऊ नका. ते लगेच सगळं लक्ष खेचून घेतं.

बर्फ सपाट रंगवलात तर तो चुन्याची भिंत वाटेल. प्रेअरीवर वारा सतत वाहतो आणि बर्फाच्या पृष्ठभागावर लांबट, एकाच दिशेच्या कडा कोरतो. चांदण्याची बाजू ६, पाठची बाजू ४, आणि या दोन छटांच्या लांब, उथळ पट्ट्या. जवळ येताना पट्ट्या रुंद करा, दूर जाताना अगदी बारीक. मध्येच कुठे गव्हाच्या कापलेल्या धाटांचे खुंट बर्फातून डोकावू द्या. अर्ध्या इंची ब्रश जवळजवळ कोरडा करून उभे बारीक फटकारे मारले की झालं. त्या चार-दोन खुंटांनी बर्फाची खोली कळते.

सावल्यांच्या कडा धारदार करू नका. भौतिकशास्त्राच्या हिशेबाने चांदण्यातली सावली उन्हातल्या सावलीइतकीच रेखीव असते, कारण चंद्र आणि सूर्य आकाशात एकाच आकाराचे दिसतात. पण आपले डोळे त्या उजेडात रेखीव बघूच शकत नाहीत. चित्र डोळ्यांना दिसतं तसं करायचंय, म्हणून सावलीची कड ओल्या बोटाने हलकी पुसा.

सातवी पायरी: माणसं

चेहरे काढू नका. चांदण्यात वीस पावलांवर चेहरा दिसत नाही, आणि नवशिक्याने काढलेला चेहरा सगळं चित्र खाऊन टाकतो. माणूस ओळखायचा तो त्याच्या उभं राहण्यावरून.

थंडीत माणूस कसा चालतो ते आठवा. खांदे कानांपर्यंत चढलेले, हनुवटी छातीशी, हात काखेत किंवा बाहीत ओढलेले, पावलं आखूड. खोल बर्फात माणसं शेजारी शेजारी चालत नाहीत. पुढचा वाट फोडतो आणि मागचे त्याच्याच पावलात पाऊल टाकतात, म्हणून माळावर तिघांच्या मिळून एकाच ओळीच्या खुणा उमटतात. ही एक ओळ नीट रंगवा. प्रत्येक खळग्याची चंद्राकडची कड ४, आतला तळ ३, पलीकडची कड ६. मागे स्लेजच्या दोन समांतर रेघा. मुलाला स्लेजवर बसवलंत तर ओढणाऱ्याचं अंग पुढे झुकलेलं हवं आणि दोरी ताणलेली. सैल दोरी दिसली की ओझं खोटं ठरतं.

काळ ठरवलात की कपडे आपोआप ठरतात. १८९१ पासून युक्रेनमधून आलेली कुटुंबं कॅनडाच्या प्रेअरीवर शेती करू लागली, ती मेंढीच्या कातड्याचे जाड कोट घालत आणि बायका डोक्याला रुमाल बांधत. ही जाड, चौकोनी आकृती रंगवायला सोपी आणि खरीही आहे. हे जग मनापासून बघायचं असेल तर मॅनिटोबात वाढलेल्या विल्यम कुरेलेक (१९२७–१९७७) या युक्रेनी वंशाच्या चित्रकाराची हिवाळ्याची चित्रं शोधा. त्यातली मुलं त्या थंडीत खरोखर राहिलेली आहेत, हे बघताक्षणी कळतं.

आकृतीची चंद्राकडची कड एकाच बारीक फटकाऱ्यात ५ ने उजळा: खांदा, टोपीचा माथा, बस. पूर्ण बाह्यरेषा काढलीत तर पुठ्ठ्याची माणसं होतील.

आठवी पायरी: एक उबदार ठिपका

दूरवर एका घराची खिडकी. यलो ऑकर, किंचित बर्न्ट सिएना आणि पांढरा. ती मसुराच्या दाण्याएवढी असली तरी सगळी माणसं तिकडे निघालीत असं वाटू लागतं. खिडकीखालच्या बर्फावर त्याच रंगाचा अगदी पातळ हात द्या.

गरम उजेड किती थोडक्यात भागतो, हे शिकायला आपल्याकडे उत्तम उदाहरण आहे. सावंतवाडीचे सा. ल. हळदणकर यांचं हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचं जलरंगातलं चित्र मैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. त्यात ज्योत हाताआड आहे. उजेड दिसतो तो बोटांमधून झिरपताना आणि चेहऱ्यावर. आपल्या चित्रातही दुसरी खिडकी, तिसरा कंदील असं करत बसू नका.

नववी पायरी: तपासणी आणि वार्निश

चित्र दोन दिवस भिंतीकडे तोंड करून ठेवा. मग खोलीतले दिवे मंद करून बघा, फोनवर ब्लॅक अँड व्हाइट करून बघा, आरशात उलटं बघा. मंद उजेडात बर्फ अजूनही उजळ आणि माणसं ठळक दिसली पाहिजेत. बर्फ आणि आकाश एकच झाले असतील तर आकाश अर्धी पायरी गडद करा. बर्फाला हात लावू नका.

वार्निश मॅट घ्या. गडद चित्रावर चकचकीत वार्निश लावलंत तर त्यात समोरची खिडकी आणि बघणाऱ्याचा चेहरा दिसतो, आकाश दिसत नाही. दोन पातळ थर, पहिला आडवा, दुसरा पूर्ण सुकल्यावर उभा. काचेची फ्रेम नको. टांगताना वरून पिवळा दिवा थेट पडेल अशी जागा टाळा, नाहीतर तुम्ही कष्टाने साधलेला हिरवटपणा तपकिरी दिसायला लागेल.